गंगम्मा दाराकडे धावल्या

माझी बायको वनजा घरात एकटी असताना हार्ट अटॅकने गेली. त्यानंतर मी एकच काम मन लावून केलं. आमचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आहे. त्यातली मदत मागायची स्क्रीन मी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. लाल बटण दाबलं की ॲम्ब्युलन्स.

आमच्या बेंगळुरूच्या ऑफिसात पूर्वी डिझायनर वरच्या मजल्यावर बसत आणि स्क्रीनची चित्रं खाली आम्हा कोड लिहिणाऱ्यांकडे पाठवत. यंदा नवी डिझायनर सहना आमच्याच टेबलाशी बसायला आली. तिचा नियम असा की पंधरवड्याचं काम आधी बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प बसून बघायचं.

"सर, कोड लिहिण्याआधी दोघातिघा म्हाताऱ्यांशी बोलू या," ती म्हणाली होती.

"यातलं मला कुणी सांगायची गरज नाही," मी म्हणालो.

सोमवारी ती स्क्रीन लोकांच्या फोनवर जाणार होती. शुक्रवारी बसवनगुडीत एकट्या राहणाऱ्या गंगम्मा ती वापरून बघायला आल्या. सहनाने फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"अम्मा, समजा तुम्ही घरात एकट्या आहात. छातीत दुखायला लागलं. काय कराल? करून दाखवा."

गंगम्मांनी फोनकडे बघितलंही नाही. उठल्या, दाराकडे धावल्या, दार उघडून ओरडल्या, "रत्नम्मा! ए रत्नम्मा!"

बाहेरून वॉचमन पळत आला. आमच्या टेबलावरच्या प्रज्वलला हसू आवरेना. "गुरू, तुझं लाल बटण टेबलावरच राहिलं की!"

वनजा मला दारातच सापडली होती. दार उघडं, फोन पलंगावर. मी समजत होतो, ती माझी वाट बघायला उठली असेल.

नियम मोडून मी विचारलं, "अम्मा, फोन का नाही घेतला?"

"कुणाला लावू रे? पोरगा म्हैसूरला. रत्नम्मा भिंतीपलीकडे आहे."

"ती घरात नसली तर?"

गंगम्मांनी उघड्या दाराकडे बघितलं.

"सर, सोमवारचं काय?" सहनाने हळूच विचारलं.

"थांबव."

घरी आलो तो आमच्या दाराशी गेलोच नाही. समोर राहणाऱ्या शेजारणीची घंटा वाजवली. नेत्रावतींनी दार उघडलं. मी काही विचारायच्या आधीच त्यांचे डोळे भरले.

"वनजा गेली त्या दुपारी मी बाजारात होते हो."

"तिच्या एका बटणाने तुमचा फोन वाजला असता तर? होता जवळ?"

"होता ना," त्या म्हणाल्या. "हातातच होता."