बाकी शून्य

तीस दिवसांत शहरातले बिनपरवान्याचे परके लोक शून्य करायचे, अशी ती मोहीम होती. साल अठ्ठ्याण्णव. चीनमधल्या एका बंदरगावाने सगळ्या खात्यांतली माणसं उचलून एका कचेरीत बसवली, गल्लोगल्ली कर्णे लावले आणि आकडे मोजायचा प्रोग्रॅम सिंगापूरहून मागवला. तो लिहिला मेधाने, सिंगापुरातल्या चांगी भागातल्या ऑफिसात बसून. तो तिथे बसवायला गेला तिचा नवरा प्रबोध. आता बघा, परवाना एका आठवड्याचा आणि हा बाबा त्यांचे प्रिंटर दुरुस्त करत महिनाभर तिथेच!

रोज सकाळी ऑफिसात फॅक्स यायचा. बाकी चारशे बारा. बाकी नव्वद. बाकी एक. तिसाव्या दिवशी बाकी शून्य, आणि खाली मोहीमप्रमुख लुओ साहेबांनी मानलेले आभार. मेधा खूश झाली. शेवटच्या दिवशी शून्याशिवाय दुसरा आकडा घ्यायचाच नाही, ही अट त्यांच्या सांगण्यावरून तिनेच घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रबोधचा फोन आला.

"मेधा, हॉटेलवाले म्हणतात तुम्ही काल गेलात. रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय. माझ्या खोलीत दुसरा माणूस आलाय."

"अरे, मग पासपोर्ट दाखव ना!"

"दाखवला. पोलिसांनी देश सोडल्याचा शिक्का मारून परत दिला. परतीचं तिकीट मागितलं, तर म्हणे गेलेल्या माणसाला तिकीट कसं द्यायचं? थट्टा नाही गं, कोणी हसतही नाही. मला भीती वाटतेय."

मेधाला परवाचा फॅक्स आठवला. बाकी एक म्हणजे प्रबोधच होता. तिने फोनलाइनवरून तिथला प्रोग्रॅम उघडून शून्याच्या जागी एक टाकला. घेईना. पुन्हा टाकला. छे! तिचीच अट, ती कसली ऐकतेय? आणि ती काढायचा पासवर्ड त्यांच्या कचेरीत. शेवटी तिने लुओ साहेबांना फोन लावला.

"माझा नवरा अजून तिथेच आहे हो. यादीत एक माणूस परत घाला."

"मॅडम, मोहीम संपली. कचेरी बंद झाली, सगळे आपापल्या खात्यांत गेले. मी आता पाणीपुरवठ्यात आहे."

"मग यादी कोण उघडणार?"

"ते काम कुठल्याच खात्याकडे नाही. पुढची मोहीम हिवाळ्यात, पण ती उंदरांची."

आवाज अगदी प्रेमळ होता मेल्याचा.

"अहो, पण तोवर त्याने राहायचं कुठे? खायचं काय?" मेधा ओरडलीच.

पलीकडे लुओ साहेब क्षणभर गोंधळले.

"कोणी?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.