विसावर एक

खातं कुठे उघडायचं हे ठरवण्यासाठी मी एक छोटा प्रयोग केला आणि तो सासऱ्यांनी बिघडवला.

झरीत आमच्या घरी बांबूच्या टोपल्या होतात. विणतात माझे सासरे, काकड्याबाबा, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पाड्यावरच्या चार बाया. फोटो काढणं, पत्रं लिहिणं, बिलं करणं माझ्याकडे. मी रसायनशास्त्र शिकले आहे; टोपली मला अजून विणता येत नाही. दोन वर्षांपूर्वी जपानच्या एका फुलं सजवणाऱ्या बाईंनी पहिली टोपली मागवली. मग दुबईचं एक दुकान आलं, आणि या वर्षी हॅम्बुर्गच्या ब्रिगिटबाई. एकीचे येन, दुसऱ्याचे डॉलर, तिसरीचे युरो. ब्रिगिटबाईंना नाताळसाठी शंभर टोपल्या हव्या होत्या. आगाऊ रक्कम कुठे पाठवायची ते सोमवारपर्यंत कळवा, म्हणाल्या. नाहीतर त्या दुसरीकडून घेणार होत्या. शंभर टोपल्यांची ही आमची पहिलीच मागणी होती.

पर्याय दोन होते. एक ऑनलाइन कंपनी: प्रत्येक चलनासाठी वेगळा खातेक्रमांक देते, शंभराला एक रुपया घेते, आणि दुसऱ्या दिवशी रुपये आपल्या खात्यात टाकते. दुसरा, डहाणूच्या बँकेतलं परकीय चलनाचं खातं. त्यात युरो युरोच राहतात. मात्र पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वापरले नाहीत तर त्यांचे रुपये करावेच लागतात. शुल्क जास्त, कागद जास्त, आणि झरीहून डहाणूला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा मोजून बघावं, असं मला वाटलं. ब्रिगिटबाईंनी नमुन्यादाखल चाळीस टोपल्या मागवल्या होत्या. मी दोन खोके केले, प्रत्येकी वीस टोपल्या, आणि बिलंही दोन, प्रत्येकी दोनशे चाळीस युरोंची. एका बिलाचे पैसे ऑनलाइन कंपनीकडे, दुसऱ्याचे डहाणूला माझ्या साध्या खात्यात, एकाच दिवशी पाठवा, अशी त्यांना विनंती केली. खोके पोहोचल्यावर त्यांनी पाठवलेही.

मंगळवारी ऑनलाइन कंपनीचा संदेश आला: रक्कम बिलाशी जुळत नाही, पैसे रोखले आहेत, अठ्ठेचाळीस तासांत खुलासा न झाल्यास परत जातील. मी उत्तर लिहिलं. त्यावर तोच संदेश पुन्हा आला.

बुधवारी डहाणूहून प्राजक्ता मॅडमचा फोन आला. बँकेत परदेशी पैशांचं काम त्या बघतात.

"जयश्री, तुझं बिल दोनशे चाळीसचं आहे ना? इथे दोनशे बावन्न आलेत. बारा युरो कसले?"

"बारा म्हणजे एका टोपलीची किंमत," मी म्हणाले.

"हो, ते मलाही कळलं. टोपली कुठून आली?"

ते मला माहीत नव्हतं. वीस टोपल्या मी स्वतः मोजून खोक्यात ठेवल्या होत्या. खोके चिकटपट्टीने बंद मात्र बाबांनी केले होते.

बाबा अंगणात बसून बांबूची काडी सोलत होते.

"बाबा, त्या खोक्यांत किती टोपल्या गेल्या?"

"वीस."

"नक्की?"

"वीस. आणि वरची."

"वरची?"

"विसावर एक. बाजारात देतो तशी. त्यात काय विचारायचा?"

तलासरीच्या बाजारात बाबा आयुष्यभर टोपल्या विसाच्या हिशेबाने विकत आले, आणि प्रत्येक विसावर एक न मागता देत आले. ती कोणी मोजत नाही, तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. हॅम्बुर्गला जाणाऱ्या विसाला वेगळा नियम असेल, हे त्यांच्या मनात येण्याचं काही कारणच नव्हतं.

"त्यांनी तिचे पैसे पाठवलेत," मी सांगितलं.

बाबांनी कोयता खाली ठेवला. "का? टोपली वाईट निघाली?"

"नाही. त्यांना वाटलं आपण चुकून जास्त पाठवली. बाई प्रामाणिक आहेत."

"वरचीचा पैसा कोणी देतो का?" त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी दिलेला तिने घेतलाच नाय."

दारात हिरीआई, माझ्या सासूबाई, तांदूळ पाखडत होत्या. "ही याची जुनी खोड," त्या म्हणाल्या. "लग्नात माझ्या बापाला माझा देज दिला, आणि वर एक कोंबडा दिला. बाप म्हणाला, कोंबडा कशाला? हा म्हणतो, राहू दे. पुढे तो कोंबडा सहा महिने माझ्या बापाला चोची मारत होता."

"कोंबडा चांगला होता," बाबा म्हणाले.

"कोंबडा चांगला होता. ज्यानं दिला त्याचा सांगत नाय."

गुरुवारी ऑनलाइन कंपनीने पैसे परत पाठवले. माझा खुलासा तिथे कोणी वाचला असेल असं वाटत नाही. मी मात्र डहाणूला जाऊन प्राजक्ता मॅडमना पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं आणि हसून पैसे जमा केले. वरचे बारा युरो पुढच्या बिलात वळते करायचं ठरलं.

"पण हे बघ," त्या म्हणाल्या, "बिलात नाही ती वस्तू खोक्यात घालून देशाबाहेर पाठवायची नाही. कस्टमने खोका उघडला तर अडकशील. सासऱ्यांना द्यायचीच असेल तर बिलात लिही: एक नग, भेट, किंमत देय नाही. तरी बाईंनी पैसे पाठवलेच, तर मी फोन करीन, तू पत्र दे. खातं इथे असेल तर एवढं मी करू शकते."

येताना बसमध्ये मी वहीत आकडे मांडले. शंभर टोपल्यांच्या रकमेवर बँकेचा खर्च ऑनलाइन कंपनीपेक्षा चौदाशे रुपयांनी जास्त होता. बाबांच्या सवयीसाठी मला चौदाशे रुपये जास्त वाटले नाहीत. खरं तर शंभरावर पाच टोपल्या म्हणजे सहा हजार रुपये, पण ते गणित मी मांडलं नाही. बँकेचा अर्ज घरी येऊन भरला आणि बाबांना बिलातली ओळ वाचून दाखवली.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "लिहिलेली मग वरची कशी?" ते म्हणाले. "ती तर सौद्यातली झाली."

"न लिहिता पाठवता येत नाही, बाबा."

"मग नको."

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. रात्री जेवताना माझे यजमान, नविन, यांनी ते वाढवलं. नविन अच्छाडला ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहेत आणि कोणतीही किंमत मनात ठेवू शकत नाहीत.

"बाबा, तुमच्या वरचीसाठी ही चौदाशे रुपये जास्त भरायला निघालीये."

"कुठे?"

"बँकेत. दुसरीकडे स्वस्त आहे, पण तिथे तुमची टोपली चालत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "खरा का?"

"फार नाहीत," मी म्हणाले.

"स्वस्तवाला घे," ते म्हणाले. "मी वीसच घालीन. तू मोज."

"बाबा, मला बँकच बरी वाटते. तिथे बोलायला माणूस आहे."

"स्वस्तवाला घे, पोरी. माझ्यापायी नको."

सोमवारी मी ब्रिगिटबाईंना ऑनलाइन कंपनीचा खातेक्रमांक कळवला. आगाऊ रक्कम आणि आधी परत गेलेले पैसे बिलानुसार आले, दुसऱ्या दिवशी त्यांचे रुपये झाले. सगळं सुरळीत झालं, तरी मला बरं वाटत नव्हतं. बाबा नेहमीपेक्षा हळू विणत होते. दिवसाला आठ टोपल्या करणारा माणूस सातवर आला होता. मी त्याचा अर्थ मला वाटला तो लावला, आणि विचारलं नाही.

पहिला खोका तयार झाला तेव्हा बाबांनी मला हाक मारली. "मोज."

"बाबा, नको."

"मोज म्हणतो ना."

वीस होत्या. चिकटपट्टी या वेळी मीच लावली. नविनच्या मोटरसायकलवर खोका तलासरीला कुरिअरच्या दुकानात नेला. तिथल्या रोशनीने तो काट्यावर ठेवला.

"सहा किलो सातशे," ती म्हणाली. "मागच्याइतकाच."

"मागच्याइतका कसा असेल?"

तिने संगणकात बघितलं. मागचे दोन्ही खोके सहा किलो सातशेच होते. पण त्यांत एकवीस टोपल्या होत्या.

मी तिच्याकडून कात्री मागून घेतली आणि खोका उघडला. टोपल्या वीसच होत्या. एक बाहेर काढून काट्यावर ठेवली: तीनशे पंधरा ग्रॅम. रिकामा खोका चारशेचा धरला, तर मागची टोपली तीनशेची होती. प्रत्येकीत पंधरा ग्रॅम जास्त. वीस गुणिले पंधरा.

मग मी टोपलीचा काठ बघितला. फोटो काढून काढून आमच्या टोपल्या मला पाठ आहेत. काठाला पाच फेरे असतात. मी बोटाने मोजले. सहा होते. सगळ्या विसांना सहा.

"काही चुकलंय का?" रोशनीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "बंद कर."

कागदावर मी नग वीस आणि वजन सहा किलो सातशे असं लिहिलं. दोन्ही खरं होतं.

घरी परतले तेव्हा बाबा पुढच्या खोक्याच्या टोपल्या विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती भरला?"

"सहा किलो सातशे."

"बरोबर," ते म्हणाले, आणि सहावा फेरा काठावर ओढून घट्ट बसवला.