दहाच्या बारा

पुडीची गाठ याही वेळी सुटली नाही. ऋतुजाने कात्रीने सुतळी कापली आणि आधी लेबल वाचलं. 'हातची भाकरी : गोजरबाई'. सलग नववा सोमवार. मग तिने भाकरी मोजल्या. मागवल्या होत्या दहा, आल्या होत्या बारा. हेही नेहमीचंच.

आता सोलापुरात कडक भाकरी काय कुठंही मिळते, त्यासाठी मंगळवेढ्याकडून पार्सल मागवायला कुणी वेडं नाही. ऋतुजा होती. तिकडे तिच्या गावी बचत गटाच्या आठ बायका भाकरी थापायच्या, त्यातली एक तिची आई, बजाबाई. चार वर्षांपूर्वी ऋतुजाने घरच्यांना न विचारता शिवराजशी लग्न केलं आणि वडिलांनी, हिंदुराव आण्णांनी, भर अंगणात सांगून टाकलं, "आमाला लेक न्हाय." तेव्हापासून फोन नाही, निरोप नाही, सणाला बोलावणं नाही. आई नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नाही. ऋतुजाही काही कमी हट्टी नव्हती, बापाचीच लेक ती. पण आईच्या हातचं खावंसं वाटतं तेव्हा असले हट्ट काही कामाला येत नाहीत.

ती सात रस्त्याजवळच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायची. गटाची साइटही तिनेच केलेली. ते काम आणलं गोजरबाईंनी, म्हणजे गटाच्या अध्यक्षांनी, आणि त्या आईच्या शेजारीण. "साइट तू कर," त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पर तुमच्या घरातल्या भानगडीत मला घालू नगं. हिकडचं तिकडं मी सांगणार न्हाय." पुडीवर थापणारीचं नाव छापायची कल्पना ऋतुजाची. गिऱ्हाइकाला आवडेल, असं तिने सगळ्यांना पटवलं. खरं कारण तिचं तिला ठाऊक. दर आठवड्याला ती शिवराजच्या नावाने ऑर्डर टाकायची. जावयाचं नाव त्या घरात कुणी विसरणं शक्य नव्हतं आणि तिला तेच हवं होतं.

आणि येत काय होतं, तर गोजरबाई. आई आजारी आहे की काय? की आपलीच ऑर्डर तेवढी टाळते? हा दुसरा विचार जास्त टोचायचा.

नवव्या सोमवारी तिने साइटच्या नोंदी उघडल्या. बायका आठ, खाती आठ, पण संक्रांतीपासून आत आलेली बाई एकच. तिने फोन लावला.

"मावशी, साइटवर एकट्या तुम्हीच असता का?"

"फोन एकच हाय की. एकदा मी चालू केलं ते केलं. मग जिला लागंल ती बघती. हात पिठाचं, त्यात परत परत नंबर कोण घालत बसतंय?"

ऋतुजाने कपाळाला हात लावला. सहा वर्षं हेच काम करतेय, आणि एवढं साधं सुचू नये! समोर कोण बसलंय हे साइट लक्षात ठेवते, त्याला सेशन म्हणतात. फोन वापरात असेल तोवर ते टिकावं अशी सोय तिनेच केली होती, बायकांना त्रास नको म्हणून. त्यामुळे भाकरी कुणीही थापो, साइटच्या लेखी सगळ्या गोजरबाईच.

दोन दिवसांत तिने ते बदललं. आता फोनवर आठ फोटो दिसायचे. आपल्या फोटोला बोट लावलं की पुडीवर आपलं नाव लागायचं. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही तर साइट त्या बाईला विसरायची आणि पुन्हा आठ फोटो दाखवायची. फोटो गोजरबाईंनी काढून पाठवले. आईला चष्मा लागला होता. हे ऋतुजाला माहीत नव्हतं. तो फोटो साइटवर चढवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पुढच्या सोमवारी पुडीवर नाव आलं. बजाबाई. भाकरी बाराच. ऋतुजा लेबल हातात घेऊन रडत बसली.

"अगं, खा तरी," शिवराज म्हणाला.

खाल्ली. पण पोट भरायचं सोडून भूक वाढली. भाकरी आली, आता तिला आईचा शब्द हवा होता. प्रत्येक ऑर्डरखाली 'गिऱ्हाइकाला निरोप' अशी एक चौकट होती. नोंदी सांगत होत्या की शनिवारी साडेपाचला आई आपल्या फोटोला बोट लावते, शिवराजची ऑर्डर उघडते, निरोपाच्या चौकटीत जाते आणि तिथंच थांबते. वीस मिनिटांनी साइट तिला बाहेर काढते आणि जे काही लिहिलं असेल ते पुसून टाकते. म्हणजे आईचा शब्द पुसणारी कोण, तर ऋतुजाच.

मग तिने साइटला अर्धवट निरोप जपून ठेवायला लावले. पुढच्या शनिवारी एक अर्धवट निरोप जपला गेला. दुसऱ्याचं न पाठवलेलं वाचू नये, एवढं तिला कळत होतं. तरी वाचलं.

'ऋतू'

बस्स, एवढंच. वीस मिनिटांत आईला एवढंच जमलं होतं.

ऋतुजाला आईचा राग आला आणि आईची कीवही आली. त्याच संध्याकाळी तिने नवी ऑर्डर टाकली, या वेळी स्वतःच्या नावाने, आणि खाली लिहिलं, 'आई, मी दहा मागवते, तू बारा घालतेस. दर वेळी मोजते मी. त्या दोन सगळ्यात शेवटी खाते.'

पुढच्या शनिवारी साडेपाचला ती ऑफिसात स्क्रीनसमोर बसून होती. आईच्या फोटोला बोट लागलं. ऑर्डर उघडली. पंधरा मिनिटं झाली, अठरा झाली, साइट आता आईला विसरणार, तेवढ्यात पुन्हा बोट लागलं. असं तीनदा झालं. बाकीचे घरी गेले. सात वाजता निरोप आला.

'ऋतू, मी दहाच मोजून देते. पुड्या तुझे आण्णा बांधत्यात.'

सोमवारी पुडी आली. शिवराजने सवयीने कात्री पुढे केली.

"नको," ऋतुजा म्हणाली.

गाठ आवळून मारलेली होती, कडब्याच्या पेंढीला आण्णा मारायचे तशी. नखाने उकलत ती खिडकीशी बसली. पाऊण तास लागला, पण तिने ती सोडवली.