गुरुवारचं द्रावण

"ताई, हे बघा ना. माझंच काहीतरी चुकलं," म्हणत आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या पोरीनं प्रयोगाचा फोटो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

फोटोत जाड काळी रेघ होती. आठ महिने दर गुरुवारी तिथं दिसेल न दिसेल अशी फिकट रेघ यायची, आणि त्या फिकटपणावर हिचा अख्खा प्रबंध उभा होता. पोरगी इतकी काटेकोर की आम्ही तिला घड्याळच म्हणतो. नऊला काम म्हणजे नऊला. तिच्या हातून चूक होणं शक्य नव्हतं.

चूक कोणाची ते मला तिथल्या तिथं कळलं.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मी सांगते, चिकटवलेलं काढणाऱ्यांवर आम्ही पाळत ठेवतो. पेशीतल्या मोठ्या प्रथिनांवर बारकी प्रथिनं चिकटवलेली असतात, खुणेसारखी. कोणाला मोडीत काढायचं, कोणाला कामाला जुंपायचं, ते त्या खुणेवरून ठरतं. आणि काही एन्झाइम असतात, त्यांचा उद्योग एकच, खुणा उतरवणं. प्रयोगशाळा सरांची, त्यांनी त्यातल्या एका एन्झाइमला आयुष्य वाहिलं. इथली तंत्रज्ञ म्हणून माझीही तेवीस वर्षं त्यालाच गेली, फक्त मला कोणी विचारलं नव्हतं.

पेशी फोडली की ही एन्झाइम मोकाट सुटतात आणि सापडेल त्या प्रथिनाची खूण उतरवतात. मग फोटोतली रेघ फिकट येते, आणि आधी किती खुणा होत्या ते कळायला मार्गच उरत नाही. म्हणून पेशी फोडतानाच त्यांना जखडून टाकणारं एक द्रावण घालायचं. पांढरी पूड पाण्यात विरघळवायची, पण त्याच सकाळी. पाण्यात गेल्यावर काही तासांत तिचा जोर संपतो. नव्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे मीच दम देऊन शिकवते.

आणि आठ महिने दर गुरुवारचं द्रावण मीच आदल्या दुपारी करून फ्रिजमध्ये ठेवत होते.

गुरुवारी सकाळी ह्यांना व्यायाम द्यायला फिजिओ येतो. दोन वर्षांपूर्वी ह्यांची उजवी बाजू गेली. उभं करायला दोन माणसं लागतात, त्यातली एक मी. कामावर पोचेपर्यंत दहा वाजतात आणि घड्याळ तर नऊला सुरू झालेलं असतं. पहिल्यांदा मनाला म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. मग अंगवळणी पडलं. सोमवारी निरोगी पेशी आणि ताजं द्रावण, गुरुवारी आजारी पेशी आणि शिळं द्रावण. त्यावरून शोध लागला की आजारी पेशींत खुणा नाहीशा होतात. शोध कसला, माझा आळस म्हणा, नाहीतर नाइलाज म्हणा. या गुरुवारी फिजिओ रजेवर होता. मी आठलाच आले आणि ताजं द्रावण केलं.

"टाकून देऊ का हा?" पोरीनं विचारलं. "बाकीचे सगळे चांगलेच आलेत."

हो म्हटलं असतं तर सुटले असते. खरोखरच सुटले असते. सरांच्या ड्रॉवरमध्ये माझा बदलीचा अर्ज पडला होता. खालच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना शिकवायची जी प्रयोगशाळा आहे, तिला चारला कुलूप लागतं. ह्यांना सांभाळणाऱ्या मावशी पाचला निघतात आणि मी घरी पोचते साडेसहाला. मधला दीड तास हे एकटे, आणि तो दीड तास माझा जीव टांगणीला. सरांनी तीनदा अर्ज परत केला होता. चौथ्यांदा म्हणाले, "एवढा प्रबंध निघू द्या, सही करतो." प्रबंध पुढच्या महिन्यात निघणार होता. ह्यांनाही मी सांगून ठेवलं होतं, आता थोडेच दिवस.

मी एक धुतलेली बाटली घेऊन पुन्हा धुवायला लागले. पोरगी उत्तराची वाट बघत शेजारी उभी होती. प्रबंधावर नाव तिचं येणार होतं, माझं नव्हे.

"टाकू नकोस," मी म्हणाले. "हा एकच बरोबर आहे. चल सरांकडे."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आठ महिने?"

"हो सर."

"तुम्ही? अहो, पोरांना तुम्हीच शिकवता ना हे?"

"मीच शिकवते."

"सगळं पुन्हा करावं लागेल. वर्ष जाईल. आणि आता नवा माणूस आणून चालायचं नाही." त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा अर्ज बाहेर काढला. "याचं काय करायचं?"

"राहू द्या तिथंच."

गुरुवारच का, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली. मग वाटलं, तेवीस वर्षांत मी तरी कुठं काही सांगितलं होतं?

दिवसभर पोरगी माझ्याशी बोलली नाही. निघताना मात्र दारात थांबली. डोळे सुजलेले होते.

"मला म्हणाला असतात तर मी केलं असतं ना, ताई. पाच मिनिटांचं तर काम."

तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या नळ्यांवर तारखा घातल्या आणि निघाले.

घरी पोचले. ह्यांना उशीला टेकवून बसवलं, तोंड पुसलं आणि एका दमात सांगून टाकलं. बदली होत नाही, अजून वर्षभर तरी नाही. चूक माझीच आहे.

ह्यांना एकेक शब्द जुळवावा लागतो.

"म्हणजे... साडेसहाच?"

"हो."

"मग मावशींना... सांग. जाताना... दिवा लावून जा म्हणावं."

या दिवसांत साडेपाचलाच घरात अंधार होतो. मी रोज दार उघडायचे, दिवा लावायचे, तेव्हा हे डोळे मिटून पडलेले असायचे. मला वाटायचं, झोपलेत.

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालीस ना," हे म्हणाले, "थोडेच... दिवस."