स्टुलावरची फोर्कलिफ्ट

जगातला प्रत्येक मोठा विजय आधी मनात मिळतो आणि मगच मैदानात, असे थोर लोक सांगून गेले आहेत. वहिनींना मात्र तो मनातही धड मिळेना. कारण ज्या स्टुलावर बसून त्या तो मिळवत होत्या, त्याचा एक पाय आखूड होता.

गोदामात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. खोकी उचलून आणि रचून त्यांच्या कमरेचा पार बोऱ्या वाजला होता. फोर्कलिफ्टचा म्हातारा चालक निवृत्त होणार असे कळताच त्या तडक मुकादमासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या गाडीवर मी बसणार."

मुकादमाने चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, गाडी आहे ती. लाटणं नाही."

"लाटणं असतं तर आधी तुमच्यावर चालवलं असतं."

हमाल खो खो हसले. मुकादम हसला नाही. ती जागा त्याने मनातल्या मनात केव्हाच आपल्या मेहुण्याला देऊन टाकली होती. पण परीक्षा व्हायलाच हवी, असा मालकाचा हुकूम होता. फाटकापासून माल उचलायचा, रॅकांच्या बोळातून न्यायचा, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचा. माल पडला की नाव कटले, पुन्हा विचारायचे नाही.

वहिनींनी रीतसर शिकून परवाना काढला होता. फक्त हात बसला नव्हता. आणि सरावाला गाडी काही मिळेना. जेवणाच्या सुट्टीत मेहुणा तिच्यावर सराव करायचा, म्हणजे तिच्यात बसून जेवायचा.

"गाडी नसली तर डोळे मीट," म्हाताऱ्या चालकाने सांगितले. "मनात चालव. पण हळू. आणि चुकलीस तर चूक तशीच पुढे ढकलू नकोस, पोरी. मागे ये, पुन्हा कर. हाताला एकदा चूक शिकवली की तो जन्मभर विसरत नाही."

तेव्हापासून कुकरचे झाकण स्टिअरिंग झाले, दोन डाव माल वर-खाली करायचे दांडे झाले आणि चपला पेडल झाल्या. वहिनी डोळे मिटून तोंडाने घरघरू लागल्या. आधी स्टुलावर बसून, मग झाकण हातात धरून घरभर. दार म्हणजे फाटक, कपाट म्हणजे रॅक. कपाटाच्या वळणावर सासूबाईंची खुर्ची, आणि खुर्चीपुढे त्यांचे लांबवलेले पाय.

"पॉं," वहिनी थांबून म्हणायच्या.

"मी काय सिग्नल आहे?"

"आई, पाय घ्या."

"पाय माझे, घर माझं. थांब जरा." आणि सासूबाई सावकाश एकेक पाय आत घ्यायच्या. पुढच्या फेरीला ते पुन्हा बाहेर.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?" नवऱ्याने विचारले.

"अहो, बाजूला व्हा, माल चढतोय."

परीक्षेच्या दिवशी आधी मेहुणा गेला. वळणावर वाऱ्यासारखा वळला, रॅकला घासला, माल वर फेकल्यासारखा ठेवून परत आला.

"थोडं खरचटायचंच," मुकादम म्हणाला. "या वहिनी. भीती वाटली तर डोळे मिटा, तुम्हाला सवय आहे म्हणे."

वहिनी चढल्या. खऱ्या गाडीची बैठक डुगडुगेना, त्यामुळे क्षणभर त्यांना चुकल्याचुकल्यासारखेच झाले. मग हात आपोआप चालू लागले. माल उचलला, बोळात शिरल्या, वळण आले, आणि गाडी जागच्या जागी थांबली. हॉर्न वाजला. गाडी हलेना.

"अहो, तिथं काळं कुत्रं नाही!" मुकादम ओरडला. "कुणाची वाट बघताय?"

वहिनींनाही कळत होते, की तिथे कुणी नाही. पण सासूबाईंनी पाय आत घेतल्याशिवाय त्यांचा हात पुढे जाईना. मागे हशा पिकला. वहिनींचे कान तापले, तरी त्या थांबल्याच.

तेवढ्यात रॅकमागून मालक बाहेर आले, एका पायात बूट घालून. दुसरा बूट त्यांच्या हातात होता, पापडासारखा चपटा.

"परीक्षा चोरून बघायला इथं पाय लांबवून बसलो होतो," ते म्हणाले. "मघाशी कोण गेलं? पाय काढला म्हणून वाचलो, बूट तिथंच राहिला. आत्ता तो उचलायला वाकलो होतो, वहिनी थांबल्या म्हणून निभावलं." मुकादमाने मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने छताकडे पाहिले.

मालक बाजूला झाल्यावर वहिनी पुढे गेल्या. माल वर गेला, फळीवर टेकला, पण जरासा तिरका. वहिनींनी तो पुन्हा उचलला आणि गाडी मागे घेतली.

"राहू द्या की! चालतंय!" मुकादम वैतागला.

"तुम्हाला चालतं. मला नाही."

त्या मागे आल्या, नीट समोर झाल्या, सावकाश पुन्हा वर गेल्या. या वेळी माल सरळ बसला. या वेळी कुणी हसले नाही. मालकांनी किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली आणि मेहुण्याला नवा बूट आणायला पिटाळले.

घरी येऊन वहिनींनी सासूबाईंच्या डोळ्यांपुढे किल्ली नाचवली. "मिळाली! आता कुणाच्या बापाला घाबरत नाही मी. आणि खरं सांगू का आई? तुमच्या पायांमुळे मिळाली."

सासूबाईंनी पाय आणखी थोडे लांबवले.

"बरं झालं. आता तेवढं कुकरचं झाकण दे. डाळ केव्हाची थांबलीय."