विद्युल्लतेचा क्षेत्रसंन्यास

ढुंढिराजपंतांच्या मोटारीचं नाव विद्युल्लता. नाव पंतांनीच ठेवलं होतं. काशीत मैदागिनहून ती निघाली की पुढे एक म्हातारा सांड चालत असे आणि चौकात तो रोज तिच्या आधी पोचे.

मोटार मिळाली होती दक्षिणा म्हणून. पंतांचे एक जहागीरदार यजमान काशीला सहा महिने राहिले आणि परत जाताना मोटार पंतांच्या पदरात टाकून गेले. मनाचा मोठेपणा थोडा होताच. पण मोटार आगगाडीवर चढवून गावी न्यायचं भाडं ऐकूनही तो जरा वाढला होता. पंतांच्या घराकडे, रामघाटाच्या गल्लीत, दोन छत्र्या शेजारून जात नाहीत, मग मोटार कुठली जाणार. तेव्हा ती मैदागिनला निंबाखाली उभी राही, कचौडीवाल्याच्या राखणीत.

पंत पन्नाशीला टेकले होते, पण अंगातला खोडकरपणा बाराव्या वर्षाचाच राहिला होता. एकदा त्यांनी अमृतराव घाटावर सरकारी वाटेल अशी पाटी ठोकली की दुसरी बुडी मारणाऱ्यानं पोलीसचौकीत नाव नोंदवावं. आठवडाभर निम्मा घाट एकेक बुडी मारून चोरासारखा घरी जात होता. अशा माणसाच्या हातात मोटारीचा भोंगा आल्यावर काय होणार? पंत सोवळ्यातल्या माणसाच्या मागे मोटार आणत आणि हळूच पोंऽऽ करत. त्या आनंदासाठी ते काय वाटेल ते सोडायला तयार होते. मोटार मात्र सोडणार नव्हते.

आणि नेमका तिचा क्लच गेला.

म्हणजे इंजिन गर्जना करी, धूर निघे, जळक्या चामड्याचा वास सुटे, आणि मोटार जागची ढिम्म. सपाटीवर रखडत का होईना चाले. जरा चढ आला की संपलं. पंतांनी तीन मिस्तरी पालथे घातले. पहिल्यानं साठ रुपये सांगितले, वर चामडं तुम्हीच आणून द्या म्हणाला. दुसऱ्यानं पंतांच्या खांद्यावरचं रेशमी उपरणं बघून नव्वद. तिसरा काशीनाथ मिस्तरी, वरुणा नदीपार कचेरीजवळचा. त्यानं आधी बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, पान लावून दिलं, आणि मग एकशेचाळीस. आतलं चामडं जळालंय, कलकत्त्याहून मागवावं लागेल, तिथे नसलं तर विलायतेहून. नाहीतर, तो पान गालात सरकवत म्हणाला, एवढी कटकट कशाला गुरु, हा खटारा मीच घेतो, पन्नास रुपये रोख.

पंतांनी आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या होत्या, त्यामुळे आपल्या डोक्याकडे येणारी टोपी त्यांना लांबूनच दिसली. याला मोटार हवीय. पण दिसून उपयोग काय? एकशेचाळीस नव्हतेच.

घरी पंतांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. त्यांना मोटारीचा राग भोंग्यामुळे होता. तक्रारी घेऊन बायका त्यांच्याच दारात येत. त्यांची मुलगी शरदिनी गंगेपलीकडे रामनगरला दिली होती, तिच्या धाकट्याचं बारसं गुरुवारी होतं. बाईंनी निकाल दिला. गुरुवारी मोटारीनं राजघाटचा पूल ओलांडून बारशाला पोचवलं तर मोटार राहील. पुलाच्या चढावर अडली तर तिथल्या तिथे काशीनाथला देऊन टाकायची. आणि पंत काही बोलायच्या आत त्यांनी काशीनाथला तसा निरोपही धाडला.

पुलाचा चढ म्हणजे हत्तीची पाठ. विद्युल्लता तिथे अडणार हे कचौडीवालासुद्धा सांगू शकला असता. पंत दोन दिवस उदास हिंडले, एकदाही कुणाच्या मागे पोंऽऽ केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते थोरल्या भावापुढे जाऊन हात जोडून बसले.

नीलकंठशास्त्री म्हणजे घरातला धर्म. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. वरुणा आणि अस्सी यांच्या मधल्या काशीबाहेर मरेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, म्हणजे मरण काशीतच येतं आणि मोक्ष हुकत नाही, असा तो नेम. विनोद म्हणजे काय हे त्यांना कुणी कधी समजावलं नव्हतं.

पंत खालच्या आवाजात म्हणाले, "दादा, विद्युल्लतेनं क्षेत्रसंन्यास घेतलाय."

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली.

पंतांनी गंभीर तोंडानं सगळं सांगितलं. काशीत कुठंही न्या, बिचारी चालते. पण राजघाटचा पूल समोर दिसला की आक्रोश करते, अंगातून धूर काढते, पाऊल पुढे टाकत नाही. रामनगर म्हणजे व्यासकाशी, तिथे मरण आलं तर गाढवाचा जन्म येतो, हे तिला कळत असेल का? चौकाच्या चढावरही ती असाच आक्रोश करते, हे मात्र पंतांच्या सांगण्यातून राहून गेलं.

शास्त्रीबुवा दिवसभर विचारात होते. जडाला संकल्प करता येतो का? संध्याकाळी उत्तर आलं. शाळिग्रामाचं तुळशीशी लग्न आपण दरसाल लावतो, मग मोटारीच्या नेमाला नाही कसं म्हणायचं. तिला बळंच काशीबाहेर नेणं हे पाप. विकायचं झालं तरी काशीनाथचं दुकान वरुणापार, तेव्हा तेही नाही.

पंतांनी भावाला साष्टांग नमस्कार घातला, कारण जमिनीकडे तोंड करून हसायला तीच सोय होती.

बुधवारपर्यंत मोटारीवर बेलपत्रं पडायला लागली. कचौडीवाला दर्शनाला येणाऱ्यांना कचौडी घ्यायला लावू लागला. पंत समाधानानं पान खात बघत होते.

पण अन्नपूर्णाबाई या माणसाबरोबर तीस वर्षं राहिल्या होत्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी दाराआडून थोरल्या दिरांना अगदी नम्रपणे विचारलं, "भावोजी, देवळातून निघताना आपण देवाला पाठ दाखवत नाही, उलट्या पावली येतो. तसं मोटारीनं काशीकडे तोंड ठेवूनच पूल ओलांडला, तर तिचा नेम मोडेल का?"

शास्त्रीबुवांना प्रश्नाचं फार कौतुक वाटलं. म्हणाले, मुळीच मोडणार नाही. वाट पुढे आणि विश्वेश्वर डोळ्यांसमोर, याहून सुरेख काय.

पंतांच्या हातातली सुपारी खाली पडली.

गुरुवारी राजघाटाला जत्रा भरली. काशीनाथ दोन बैल आणि दोरखंड घेऊनच आला होता. पन्नास रुपये त्यानं उपरण्याच्या टोकाला बांधून आणले होते आणि ते सगळ्यांना दिसतील असं उपरणं घेतलं होतं. पंतांनी मोटार वळवली, पाठ पुलाकडे, तोंड काशीकडे. मागच्या बैठकीवर अन्नपूर्णाबाई पुलाकडे तोंड करून, मांडीवर बाळंतविडा. त्यांना पुढचा रस्ता स्वच्छ दिसत होता. पंतांना दिसत होता फक्त काशीनाथ.

पंतांनी मनातल्या मनात विद्युल्लतेचा निरोप घेतला आणि उलटा गिअर टाकला.

मोटार ओरडली. धूर निघाला. आणि ती चढू लागली. मुंगीच्या पावलानं, कण्हत, पण चढू लागली.

लोकांनी "हर हर महादेव" केलं. पंतांना स्वतःलाच खरं वाटेना, तरी त्यांनी चेहरा असा ठेवला की हे सगळं ठरलेलंच होतं. काशीनाथचा चेहरा मात्र पडला. उलट्या गिअरला जोर जास्त असतो, तो दमलेल्या क्लचलाही ओढून नेतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं नव्हतं. आता अख्खी काशी बघत होती की जी मोटार खटारा म्हणून त्यानं पन्नासात मागितली, ती पूल चढतेय.

तो मोटारीच्या मागे धावला, म्हणजे मोटारीच्या तोंडापुढे. पंत आणि तो अगदी समोरासमोर आले. मोटार मागे मागे जातेय, काशीनाथ पुढे पुढे येतोय.

"गुरु," तो धापा टाकत म्हणाला, "क्लच सौ में बना देंगे."

"डावीकडे घ्या, बैलगाडी आहे," मागून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पंतांनी डावीकडे घेतलं आणि काशीनाथकडे बघून नुसती मान हलवली.

"अच्छा, अस्सी रुपये."

"अहो, त्याला विचारा, चामडं कलकत्त्याचं की विलायतेचं?"

पंतांनी विचारलं. काशीनाथ म्हणाला, चामडं कानपूरचं, दुकानातच पडलंय. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

पुलाच्या फाटकापाशी पहारेकरी आडवा आला. आगगाडी आणि मोटारी एकाच पुलावरून जात, तेव्हा त्याला हिशेब ठेवावा लागे. त्यानं मोटारीच्या तोंडाकडे बघितलं, मग शेपटाकडे. "पंडितजी, जा रहे हैं कि आ रहे हैं?"

"गाडी आ रही है," पंत म्हणाले, "हम जा रहे हैं."

पहारेकऱ्यानं वहीत दोन्हीकडे खूण केली आणि फाटक उघडलं. काशीनाथही आत घुसला. त्यानं आता पंतांचा नाद सोडून बाईंना साकडं घातलं. माई, तुम्ही तर मोटार विकणार होता ना, शब्द दिला होता.

बाई म्हणाल्या, "अडली तर विकणार होते. अडलीय का?" मग त्यांनी पदर सावरला आणि ज्या आवाजात त्या ठठेरी बाजारात तांब्याची घासाघीस करत त्या आवाजात विचारलं, "आता दुरुस्तीचं शेवटचं किती?"

काशीनाथनं कपाळ पुसलं. "साठ. मजुरी धरून."

पंतांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. साठ म्हणजे पहिल्या मिस्तरीइतके झाले, आता थांबायला हरकत नव्हती.

"थांबू नका," अन्नपूर्णाबाई मागून म्हणाल्या. "पूल अजून बराच उरलाय."