सपत्नीक

तिनं वाकून नवऱ्याच्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा, आधीपेक्षा घट्ट बांधली.

"आवळतेय," ते म्हणाले.

"आवळू दे. चारचौघांत तोंडावर पडण्यापेक्षा बरं."

"कुठे चाललोय आपण?"

"सत्काराला."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"का? मी काय केलं?"

"लढाईत होतात," ती म्हणाली. "चला, उतरा."

गाडीतून उतरल्यावर मुलीनं त्यांच्या हातात काठी दिली आणि त्यांचा कोट खांद्यांवर सारखा केला. कोट जुनाच होता. आतला माणूस आटला होता. त्यामुळे छातीवरची पदकं पोटाकडे घसरल्यासारखी दिसत होती. "बाबा, छान दिसताय," मुलगी म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघू लागली.

निमंत्रणात 'सपत्नीक' असा शब्द होता. संयोजकांनी फोनवर त्याचा खुलासाही केला होता: प्रत्येक वृद्ध सैनिकानं पत्नीचा हात हातात घेऊन मैदानातून मंचापर्यंत चालत यायचं. इतरांना तो कार्यक्रमातला एक मुद्दा वाटला असेल. तिनं मात्र त्यासाठी मऊ तळाचे नवे बूट घेतले होते.

कारण लग्न झाल्यापासून हा माणूस घराबाहेर तिच्या बरोबरीनं कधी चालला नव्हता. कायम पुढे. बागेत, समुद्रकाठी, अगदी पोटुशी होती तेव्हा दवाखान्याच्या आवारातही. तिनं भराभर चालून गाठलंच, तर ते न वळता हात मागे करायचे आणि म्हणायचे, "मागे राहा." नव्या नवलाईत तिला तो लाजाळूपणा वाटला, मग मिजास वाटली, आणि भांडून भांडून दमल्यावर खोड वाटली. शेजारणी त्यांना इंजिन आणि डबा म्हणत. ती हसण्यावारी न्यायची. डब्याला दुसरं काय करता येतं?

घरात मात्र ते बरोबर चालत. म्हणून तिनं त्यांच्याकडून बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत तालीम करून घेतली होती. हातात हात, पावलाशी पाऊल. ते निमूट चालले. हल्ली त्यांना बरंच काही आठवत नसे. विस्मरणानं घरातलं एवढं सामान उचलून नेलं, तर एखादी वस्तू तिच्या सोयीची न्यायला काय हरकत होती?

मैदानाच्या तोंडाशी संयोजक उभे होते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या सगळ्या कृतज्ञतेची व्यवस्था बघत.

"या, या! आजोबा, एकदम आरामात. समोर फोटोग्राफर आहे, तेवढं हसायचं. आणि सजावट बघितलीत का? खास तुमच्यासाठी. कल्पना आमचीच."

हिरवळीवर दोन्ही बाजूंनी, आणि मध्येही जागा मिळेल तिथे, लहान लहान लाल झेंडे रोवले होते. प्रत्येकाच्या बुडाशी ताजी उकरलेली माती होती.

बँड सुरू झाला. तिनं हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि हिरवळीच्या कडेशी ते थबकले.

"चला ना," ती हळूच म्हणाली.

त्यांचा हात गार पडला होता. तो त्यांनी सोडवून घेतला आणि, न वळता, मागे केला.

"मागे राहा."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो, आजच्या दिवस तरी. एकदाच चला माझ्याबरोबर. पुन्हा नाही मागणार."

"आवाज नको." ते झेंड्यांवरून नजर फिरवत होते. "एवढे सुरुंग पेरलेत. खुणा कुणी केल्या? आपल्याआधी कोण येऊन गेलं?"

"काय होतंय?" संयोजक पुढे झाले. "चक्कर येतेय का? व्हीलचेअर आहे आपल्याकडे. प्रायोजकांनी दिलीय, तिचाही फोटो व्हायचाच आहे."

"थांबा हो जरा," मुलगी त्यांच्यावर खेकसली.

ते सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते काम कसं चालतं हे ते पाहुण्यांना विनोदासारखं सांगत. खूण म्हणून लाल झेंडा. एकानं सळईनं जमीन टोचत पुढे जायचं. दुसऱ्यानं अंतर ठेवून, त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागून यायचं. मग पाळी बदलायची. "पुढच्याला मान, मागच्याला पेन्शन," असं म्हणून ते स्वतःच हसत. जोडीदार बारक्या म्हणून होता आणि तो तिकडेच राहिला, यापुढे ते कधी गेले नव्हते. पाहुणेही मग चहाकडे वळत.

"बारक्या," ते आता म्हणाले. तिच्याकडे बघून म्हणाले. नजर इतकी स्वच्छ होती की तिनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"काल तू माझी पाळी घेतलीस. झोपलाय तर झोपू दे म्हणालास. परत असं करायचं नाही. आजपासून पुढे मी. रोज मीच. कळलं?"

तिनं डोळे पुसले.

"कळलं का?"

"कळलं," ती म्हणाली.

"मी टाकीन तिथंच पाय टाक. शहाणपणा केलास तर थोबाडीत देईन."

ते निघाले. काठीचं टोक गवतात हलकेच टोचत, कान देऊन, पुन्हा टोचत. दोन झेंड्यांमधून वळले, थांबले, पुन्हा निघाले. सरळ गेलं असतं तर मंच हाकेच्या अंतरावर होता. ती मागून चालू लागली. त्यांच्या बुटाखाली दबलेलं गवत उठायच्या आत तिथं आपला पाय ठेवत. बागेत, समुद्रकाठी, दवाखान्याच्या आवारात या पाठीला ती काय काय बोलली होती, ते तिला एकेक आठवत गेलं. पाठीनं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"पतीच्या पावलावर पाऊल ठेवून चालणारी ही पत्नी पाहा!" ध्वनिक्षेपकावरून निवेदिकेचा आवाज घुमला. "या पिढीकडून आपण शिकायचं, ते हेच!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांची धून संपली, त्यांनी ती पहिल्यापासून धरली. फोटोग्राफर गवतावरून जवळ येऊ लागला, तेव्हा म्हातारा असा काही ओरडला की तो एका पायावरच थिजला.

मंचाच्या पायरीशी पोचल्यावर ते वळले. तिचं शेवटचं पाऊल पडेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. तो सुटला तेव्हा सबंध कोट हलला. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढलं. पदकं तिच्या गालाला टोचली. आजच्या आधी लोकांसमोर त्यांनी तिचा कधी हातही धरला नव्हता. टाळ्या आणखी वाढल्या.

संयोजकांनी मानचिन्ह दिलं. ते काचेचं होतं, जड होतं, आणि कशाचं आहे ते कळत नव्हतं. त्यांनी ते तिच्याकडे सोपवलं.

परतताना ते कुठंच थांबले नाहीत. वाट आता मोकळी झाली होती. त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि शेजारून चालू लागले. ऐटीत, डुलत, तिच्या पावलाशी पाऊल जुळवून घेत. ती चुकली तर ते पाऊल बदलून पुन्हा जुळवत.

"मी लग्न केलं, बारक्या," ते म्हणाले. "तुला सांगायचंच राहिलं."

"कशी आहे?"

"तोंडानं फटकळ. पण चांगली आहे रे. एकच तक्रार तिची. म्हणते, माझ्याबरोबर चाला."

पलीकडे मुलगी गाडीचं दार उघडून उभी होती. तिनं चुकलेलं पाऊल पुन्हा त्यांच्याशी जुळवलं. मग म्हणाली, "मग चालायचं की तिच्याबरोबर. काय बिघडतं?"

त्यांनी मान हलवली.

"नको रे," ते म्हणाले. "ती एकच आहे माझ्याकडे."

तिनं मानचिन्ह दुसऱ्या हातात घेतलं, आणि गाडी जवळ येत होती म्हणून चाल आणखी मंद केली.